रक्तात आहे, म्हणजे नेमकं कुठे?

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. नाव छापू नका. वय ३६, उंची पाच फूट, वजन ७४ किलो. चार एकर कापूस-तूर आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर मले दमा सुरू झाला, तवाच वजनही वाढलं. माह्या मायलेही दमा होता आन् तीही अंगानं जाड होती. आता माही पोरगी, अकरा वर्षांची, रात्री खोकलून राहिली आन् तिचंही अंग भरून राहिलं. सासूबाई म्हणतात, ‘हे तुमच्या माहेरच्या रक्तातच आहे, पोरीलेही सुटणार नाही.’ गावात शिबिर झालं, तिथं एक जण थुंकी घेऊन जीनची तपासणी करून देतो म्हणे, आठ हजार रुपये. भाऊ म्हणतो करून घे. पंप मी घेत नाही, त्याची आदत लागते म्हणतात आन् त्यानं अजून जाड होईन अशी भीती वाटते. थंडीत जास्त झालं की गावातले डॉक्टर बारीक पांढऱ्या गोळ्या देतात, दोन दिवसांत आराम पडतो. कोजागिरीची दम्याची खीरही दोन वर्षं खाल्ली. मले एकच सांगा, दमा आन् जाडी दोन्ही एकाच जीनमुळं येते का? आन् तसं असन तर वजन कमी करून फायदा काय?

– एक आई

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नाकडे लक्ष होतं, दुसऱ्यांदा त्या बारीक पांढऱ्या गोळ्यांपाशी अडकले. गोळ्यांवर येतेच. आधी सासूबाईंच्या बोलण्याचं बघू, कारण ते तुम्हाला लागलंय.

सासूबाईंचं म्हणणं सव्वा आणा खरं आहे.

हा सव्वा आणा मी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जुळ्या भावंडांची एक नोंदवही ठेवलेली आहे. तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये जुळ्यांच्या सुमारे चौदाशे जोड्यांमध्ये दमा कोणाला आणि वजन कोणाचं किती, हे पडताळून पाहिलं. जुळी दोन तऱ्हेची असतात. काही एकाच बीजातून झालेली, त्यांचे जीन तंतोतंत सारखे. बाकीची म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडं, त्यांचे सरासरीनं निम्मे जीन जुळतात. घर तेच, ताट तेच, आई तीच. मग एखादा आजार पहिल्या तऱ्हेच्या जोड्यांत जास्त जुळत असेल, तर तो जास्तीचा भाग जीनच्या खात्यावर मांडायचा. हिशेब असा सरळ आहे. दमा आणि लठ्ठपणा, दोन्हींत जीनचा वाटा निम्म्याहून जास्त निघाला. पण दोन्हींत सामाईक जीन किती? लठ्ठपणाच्या जीनचा जो वाटा, त्यातला फक्त ८ टक्के. रुपयातला सव्वा आणा. उरलेले पावणेपंधरा आणे लठ्ठपणाचे स्वतःचे, त्यांचा दम्याशी संबंध नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. अगदी विरळा घराणी सोडली, तर एका जीनमुळे यातलं एकही दुखणं येत नाही. वजनाशी नातं सांगणाऱ्या जागा आपल्या गुणसूत्रांवर आजवर नऊशेच्या वर सापडल्यात. एकेकीचा जोर चिमूटभर.

आता हा सव्वा आणा लपलाय कुठे? मला या भागाची फार मौज वाटते, म्हणून सविस्तर सांगते. कंटाळा आला तर खाली गोळ्यांच्या परिच्छेदावर जा, तो मात्र चुकवू नका.

तुमच्या विहिरीवरच्या मोटरीला स्टार्टर असतो ना, तसे आपल्या पेशींवरही असतात. बाहेरून ठरावीक रसायन येऊन चिकटलं की आतलं काम चालू. बीटा-२ नावाचा असा एक स्टार्टर श्वासनळीभोवतीच्या स्नायूवर बसलेला आहे. ॲड्रेनलिननं तो दाबला की स्नायू सैल पडतो आणि नळी उघडते. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल हेच बटण दाबतं, म्हणून पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. आणि नेमका हाच स्टार्टर चरबीच्या पेशीवरही आहे. तिथे दाबला गेला की साठवलेली चरबी सुटून रक्तात येते आणि जाळायला मिळते. दोन्हीकडचा स्टार्टर घडवणारा जीन एकच, पाचव्या गुणसूत्रावरचा. त्यात माणसामाणसांत एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असतो. संशोधकांना वाटलं, सापडला चोर: ज्याचा स्टार्टर ढिला, त्याची नळीही आखडणार आणि चरबीही साचणार. स्वीडनमधल्या बायकांत या जीनच्या एका रूपाचं लठ्ठपणाशी नातं १९९७ मध्ये दिसलंसुद्धा. मग इतर देशांत तपासलं, तर कुठे जुळलं, कुठे नाही. चोर होता, पण भुरटा.

खरा गाजलेला जीन एफटीओ. २००७ मध्ये युरोपातल्या अडतीस हजारांवर लोकांच्या तपासणीतून तो पुढे आला. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून त्याची वजन वाढवणारी प्रत आली, तर माणूस सरासरी ३ किलोंनी जड. तीन किलो, ताई! वीस नाही. तुमच्या ७४ मधले तीन त्याच्या नावावर टाकले तरी ७१ उरतातच. पुढे २०११ मध्ये दोन लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तर जी माणसं चालती-फिरती होती त्यांच्यात या जीनचा जोर सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. जीन तोच, पण अंग हललं तर त्याचं फारसं चालत नाही.

दोन्ही आजार एकत्र येण्याबद्दलचा मला आवडणारा पुरावा २०१४ मधला, बार्सिलोनाच्या संशोधकांचा. सोळाव्या गुणसूत्रावर सुमारे साडेचार लाख अक्षरांचा एक पट्टा काही माणसांत उलटा बसलेला असतो. पोथी बांधणाऱ्यानं मधली काही पानं उलट्या क्रमानं शिवावीत, तसा. मजकूर सगळा शाबूत, पण शेजार बदललेला. शेजार बदलला की आजूबाजूचे काही जीन मोठ्यानं बोलू लागतात, काही दबतात. त्याच वस्तीत भुकेच्या निरोपाशी संबंध असलेला एसएच-२-बी-१ हा जीन राहतो आणि रोगप्रतिकार यंत्रणेतला आयएल-२७ हाही राहतो. ज्यांच्यात हा पट्टा उलटा आहे, त्यांच्यात दमा आणि लठ्ठपणा दोन्ही मिळून येण्याची शक्यता जवळपास निम्मी निघाली. म्हणजे उलटी शिवणच इथे राखण करते. फक्त अभ्यास लहान होता: दोन्ही दुखणी असलेले ३१७ जण आणि तुलनेला ५४३. शिवाय हा उलटा पट्टा उत्तर युरोपात जवळपास निम्म्या गुणसूत्रांवर सापडतो, तर पूर्व आफ्रिकेत दहातल्या एकावर. जिथे जगाच्या दोन टोकांत एवढं अंतर, तिथला आकडा उचलून दारव्ह्यात कसा लावायचा?

इथेच तुमच्या भावाचे आठ हजार रुपये वाचवते. जीन आणि आजारांचं बहुतेक काम युरोपीय वंशाच्या लोकांवर झालंय. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीन वाचण्याचं काम आत्ता कुठे हाती आलंय. थुंकीच्या नळीतून जो छापील कागद येईल, त्यावर ‘धोका मध्यम’ किंवा ‘धोका जास्त’ असं काहीतरी लिहिलेलं असेल, आणि ते वाचून तुम्ही जे करायचं ते कागद न वाचताही करायचंच आहे. तुमच्या मायला दमा होता, तुम्हाला आहे, पोरगी खोकते. कागदापेक्षा ही माहिती जास्त कामाची आणि फुकट. त्या पैशात नागपूरच्या दोन खेपा आणि सहा महिन्यांची औषधं होतील.

सासूबाईंच्या वाक्यातली मोठी चूक अजून वेगळीच आहे. त्या तुमचा दमा आणि पोरीचा खोकला एकाच पोत्यात भरतात. लहानपणी सुरू होणारा दमा आणि तुमच्यासारखा तिशीच्या आसपास सुरू झालेला दमा, ही पुष्कळदा वेगवेगळी पिकं असतात. लहानपणच्या दम्याशी घट्ट जोडलेली जागा सतराव्या गुणसूत्रावर २००७ मध्ये सापडली. ॲलर्जी, सर्दी, नाक-डोळे खाजणं ही त्या दम्याची सोबत. ब्रिटनमधल्या साडेचार लाखांवर लोकांच्या जीनचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. त्यात वजनाच्या जीनचं नातं मोठेपणी लागणाऱ्या दम्याशी जास्त पक्कं दिसलं, लहानपणच्या दम्याशी पातळ. मोठेपणचा, ॲलर्जी नसलेला आणि वजनाबरोबर येणारा दमा बायकांत जास्त आढळतो. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. पोरीचं अजून काहीच ठरलेलं नाही. मायलेकी एका रक्ताच्या असल्या तरी दमा एकच असेल असं नाही.

मग पोरीच्या वजनाचा तिच्या श्वासाशी संबंध नाही का? आहे. ब्रिस्टल भागातल्या मुलांवरचा २०१४ चा एक अभ्यास मला फार नेटका वाटतो. त्यात वजन थेट न बघता वजन वाढवणारे जीन मोजले. जीन जन्माआधीच वाटून झालेले असतात, पुढे दमा झाल्यामुळे ते बदलत नाहीत. म्हणून ‘आधी कोण’ हे त्यातून कळतं. ज्यांच्या वाट्याला वजनाचे जीन जास्त आले, त्यांच्यात साडेसात वर्षांच्या वयाला दमाही जास्त होता. म्हणजे वजन पुढे आणि दमा मागे, अशी दिशा निघते. उलट दिशेचा, म्हणजे दम्याचे जीन वजन वाढवतात असा पुरावा कमजोर आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: वजन हे दम्याचं एक कारण असेल, तर ते कमी करण्यात फायदा आहे, मग ते वजन जीननं दिलेलं असो की फरसाणानं.

वाढलेलं वजन श्वास कसं अडवतं, तेही सांगते, कारण यात जीनचा काही हात नाही आणि हे तुम्ही रोज भोगता. पोटातली चरबी छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलते. आडवं झाल्यावर जास्तच. फुप्फुसं पूर्ण फुगत नाहीत, आणि फुप्फुस कमी फुगलं की त्यातल्या नळ्याही अरुंद राहतात. त्यात चरबी काही गोदामात पडलेल्या पोत्यासारखी गप्प बसत नाही. ती लेप्टिनसारखी रसायनं रक्तात सोडत असते, आणि त्यानं अंगात बारीक धग कायम राहते. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये ५२ मृत व्यक्तींच्या फुप्फुसांची तपासणी करताना श्वासनळीच्या भिंतीतच चरबी साठलेली दिसली, आणि वजन जितकं जास्त तितकी ती जास्त. कमरेवर दिसते ती चरबी आपल्याला खुपते. ही कोणाला दिसतही नाही.

तुमचे मालक सडपातळ असतील तर त्यांनीही हसू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन एकसारखं, म्हणजे बीएमआय नावाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांतही त्यांना हेच दिसलं: बाळ वजनाला कमी, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. म्हणून आपल्या लोकांसाठी मापं कडक ठेवलीत. निर्देशांक २३ झाला की वजन जास्त, २५ ला लठ्ठपणा. कंबर बाईची ८० सेंटिमीटर, पुरुषाची ९०. तुमचा निर्देशांक ३२ येतो. शिंप्याकडची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीला घरातल्या सगळ्यांच्या कमरा मोजा. सासूबाईंचीही.

आता गोळ्या.

थंडीत दोन दिवसांत आराम देणारी बारीक पांढरी गोळी बहुतेक वेळा स्टिरॉइड असते. पाकिटावर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असं काही छापलेलं आहे का बघा. पुडीत सुट्या मिळत असतील तर नाव विचारा. पेशंटला नाव सांगायचं असतं, तो तुमचा हक्क आहे. जोराचा झटका आला तर हीच गोळी पाच-सात दिवस घेणं बरोबर आहे, ती जीव वाचवते. गोळी वाईट नाही. पण दर थंडीत, दर खोकल्याला, पंप न घेता नुसती हीच घेत राहिलं, की भूक वाढते, चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते, साखर आणि बीपी वर जातं, हाडं ठिसूळ होतात. आयुष्यात असे चार-पाच कोर्स झाले तरी पुढच्या धोक्यांत भर पडते असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्या मायनं किती हिवाळे ही गोळी खाल्ली असेल? ती जाड होती ते जीनमुळे की गोळीमुळे, हे आज कोण सांगणार? पण ‘माहेरच्या रक्तात’ म्हणून जे चाललंय, त्यातलं थोडं माहेरच्या दवाखान्यातून आलेलं असू शकतं. माझ्या ओळखीच्या एका घरात तीन पिढ्या ‘जाड आणि दमेकरी’ म्हणून ओळखल्या जात. तिन्ही पिढ्यांच्या उशीखाली तीच पुडी होती.

एक सावधगिरी. ही गोळी तुम्ही सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेत असाल, तर माझं वाचून उद्या एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. दम्यासाठी मिळणाऱ्या देशी पुड्यांतही हेच मिसळलेलं सापडतं, तेव्हा त्यांच्याही बाबतीत तेच. कोजागिरीच्या खिरीबद्दल काही म्हणत नाही. चांदण्यात बसून दूध प्यायलं, बरं वाटलं, ठीक आहे. दम्यावर तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही.

आणि ज्या पंपाला तुम्ही भिता, त्यानं जाडी वाढत नाही म्हटलं तरी चालेल. रोजच्या पंपातही स्टिरॉइड असतं, पण एका ओढीत १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम, थेट नळीवर. प्रेडनिसोलोनची गोळी पाच किंवा दहा मिलिग्रॅमची, म्हणजे ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम, सगळ्या अंगात. औषधं वेगवेगळी आहेत, हे आकडे तागडीत टाकून थेट तोलायचे नसतात, तरी अंदाज येतो. आदतीचं म्हणाल, तर चष्म्याची आदत लागते तशी पंपाची लागते. फक्त नळी उघडणारा पंप, ज्याला आपण ‘आरामाचा पंप’ म्हणतो, तो एकटाच वापरत राहू नका. सूज कमी करणारं औषध सोबत असलंच पाहिजे. ओढून झालं की चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरं येतं.

पण थांबा. पंप सुरू करण्याआधी तो दमाच आहे का हे तपासून घ्या. कॅनडात २००८ मध्ये डॉक्टरांनी ‘दमा’ म्हणून सांगितलेल्या लोकांची फुंकरीची चाचणी केली, तर जवळपास तिघांतल्या एकाला दमा नव्हताच. जाड माणसांतही आणि सडसडीत माणसांतही. धाप वजनानं लागू शकते, रक्त कमी असलं तरी लागते, आणि हृदयाचंही असू शकतं. फुंकरीच्या चाचणीला स्पायरोमेट्री म्हणतात. नळीत जोरानं फुंकायचं, औषध ओढायचं, पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायचं. यवतमाळच्या शासकीय मेडिकलमध्ये विचारा, नाहीतर सेवाग्राम गाठा. अकरा वर्षांची पोरगी ही चाचणी नीट देऊ शकते, तिलाही सोबत न्या. हिमोग्लोबिन आणि साखर त्याच दिवशी करून घ्या.

आता घराकडे बघू. अमेरिकेत शेती करणाऱ्या दोन जमाती आहेत, आमिश आणि हटराइट. दोघांचं मूळ युरोपातलं, जीन खूपसे सारखे. पण २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात हटराइट मुलांत दम्याचं प्रमाण २१ टक्के आणि आमिश मुलांत ५ टक्के होतं. आमिशांचा गोठा घराला लागून, घोडे-गाई, पोरं शेणामातीत. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांवर, जनावरं घरापासून दूर. आमिशांच्या घरातल्या धुळीत गोठ्यातल्या जंतूंचे अंश कितीतरी पट जास्त होते, आणि त्या धुळीनंच मुलांची प्रतिकारशक्ती लहानपणापासून शिकत गेली. बिजवाई एक, राखलं वेगळं, पीक वेगळं; हे कास्तकाराला मी काय सांगावं.

पण ‘गोठ्याजवळ राहतो, म्हणजे झालं’ असं म्हणून बसू नका. आपल्या घरात आमिशांच्या गोठ्यापेक्षा वेगळंही बरंच काही असतं. गॅस आलाय, तरी आंघोळीचं पाणी अंगणात पऱ्हाटी नाहीतर तुराट्या पेटवूनच तापतं, आणि तो धूर भल्या पहाटे घरभर फिरतो. तुमच्या मायनं तो घेतला, तुम्ही घेता, आता पोरगी चुलीपाशी बसून काड्या सारते. आईकडून लेकीकडे आलेला हा वारसा कोणत्याच गुणसूत्रावर नाही. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरजवळ पोरीला उभं करू नका, ते बारीक कुटार नळीत खोल जातं. बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आत काढा.

आणि एक विचारते, पत्रात नाही म्हणून. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवलाय का? डिसेंबर ते मार्च आपल्याकडे अर्ध्या घरांत एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असते, आणि पोरं त्या ढिगावरच लोळतात, झोपतात. पोरीचा खोकला रात्रीच का, याचं उत्तर कदाचित तिच्या खाटेखाली पडलंय. कापूस कधी विकायचा हे मी सांगू शकत नाही, पण तिची खाट आजच दुसऱ्या खोलीत हलवा, आणि पंधरा दिवस खोकला मोजा. रात्री किती वेळा उठली, वहीवर रेघा मारा. ती वही डॉक्टरला दाखवा. औषधाइतकीच कामाची आहे.

वजनाचं. ७४ चे ६० करा असं सांगून तुम्हाला घाबरवणार नाही. पाच ते दहा टक्के उतरलं तरी दमा आटोक्यात यायला मदत होते. तुमच्यासाठी पाच टक्के म्हणजे पावणेचार किलो. सहा महिन्यांत होण्यासारखं आहे. तेल मोजा: माणशी महिन्याला अर्धा किलो, घरात पाच जण असाल तर अडीच किलोचा डबा महिना पुरला पाहिजे. तर्री प्यायची नसते, ती भाजीला रंग द्यायला असते (हे लिहिताना माझाही जीव तुटतो). चहा दिवसातून सहा वेळा होत असेल तर दोनवर आणा. उरलेल्या चार कपांतली साखर तशीच वाचते. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हे आपलं जुनं ताट उत्तम आहे, त्याला काही करायचं नाही. बिघाड झालाय तो पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी आणि दुपारच्या भाताच्या दुसऱ्या वाढपानं.

कापूस वेचणीत तुम्ही दिवसभर वाकलेल्या असता, त्याला चालणं म्हणू नका. अंग मोडतं, पण दम वाढत नाही. संध्याकाळी अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं चाला. पहिली दहा मिनिटं सावकाश. चालताना छाती भरते म्हणून चालणं सोडायचं नाही. चालण्याआधी पंप घ्यायचा का, हे तपासणीनंतर डॉक्टर सांगतील. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ काळे-निळे दिसत असतील, किंवा पोरीच्या फासळ्या श्वास घेताना आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ बोलवा.

पोरीला डाएट-बिएट काही करू नका. वाढतं वय आहे. तिचं वजन आहे तिथेच थांबलं आणि उंची वाढत गेली, तरी हिशेब आपोआप जुळतो. आणि तिच्यासमोर ‘रक्तात आहे’ हे वाक्य बंद. अकरा वर्षांच्या मुलीला तुझं ठरलेलंच आहे असं सांगितलं, की ती खेळायला जायचं सोडते. मग वजन वाढतं, मग धाप लागते, आणि सासूबाई म्हणतात, बघा, मी म्हटलं नव्हतं?

चाचणीचा कागद हातात आला की मला लिहा. सोबत त्या गोळीच्या पाकिटावरचं नाव कळवा. अक्षर फार बारीक असतं, पोरीकडून वाचून घ्या.